हजार वर्षांची तबकडी

हजार वर्षें टिकणारी वस्तु बाजारांत विकावयास ठेवली जाते, तेव्हां विकणाराचा शब्द खरा होता कीं खोटा हें ताडून पाहण्यास गिऱ्हाईक जिवंत राहत नाहीं. आणि बहुतेक वेळां विकणाराहि राहत नाहीं. अमेरिकेंतील युटा संस्थानांत मिलेनियाटा नांवाची एक कंपनी होती. तिनें ‘एम-डिस्क’ या नांवाची तबकडी काढली. दिसावयास ती साध्या डीव्हीडीसारखीच. पण तिच्यावर लिहिलेला मजकूर हजार वर्षें टिकेल अशी तिची जाहिरात होत असे. या कंपनीचें दिवाळें २०१६ सालीं निघालें. तबकडी मात्र दुसऱ्यांच्या नांवानें पुढेंहि विकली जात राहिली, आणि ती वाईट आहे असें सुचविण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. उलट पुढें तबकडीच्या बाजूनें चार शब्द बोलण्याचा प्रसंग आम्हांवर येणारच आहे. येथें पाहावयाचें आहे तें एवढेंच, कीं ती विकत घेणारा गृहस्थ नेमकें काय विकत घेतो?

तो प्लॅस्टिक विकत घेत नाहीं, हें उघड आहे. तो एका काळजींतून सुटका विकत घेतो. हल्लीं मध्यम स्थितींतील कोणत्याहि कुटुंबांत छायाचित्रें हजारांनीं मोजावीं लागतात. मुलाचें बारसें, मुलीचें लग्न, आजीनें म्हटलेल्या ओव्या, वडिलांचीं पत्रें, घराचे दस्तऐवज, हें सारें संगणकाच्या पोटांत किंवा मोबाइलमध्यें पडलेलें असतें, आणि तीं यंत्रें चारपांच वर्षांत म्हातारीं होतात. अशा वेळीं विचारी मनुष्याच्या मनांत येतें कीं, हें सर्व एकदां चांगल्या तबकड्यांवर उतरवून कपाटांत ठेवावें, म्हणजे आपलें कर्तव्य संपलें. पुढचें तबकडी पाहून घेईल. माणसानें करावयाचें काम वस्तूवर सोंपविण्याचा हा व्यवहार नीतीच्या दृष्टीनें कितपत पार पडतो, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. तो केवळ यंत्रशास्त्राचा असता तर या मासिकाच्या वाचकांस त्याबद्दल त्रास देण्याचें कारण नव्हतें.

तथापि यंत्राची ओळख करून घेतल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं. फिलिप्स व सोनी या दोन कंपन्यांनीं मिळून सिद्ध केलेली सीडी १९८२ सालीं बाजारांत आली. १२ सेंटिमीटर व्यासाची आणि सव्वा मिलिमीटरहून किंचित् कमी जाडीची ती चकती. तिच्यावर मध्यापासून कडेकडे चकलीसारखी फिरत जाणारी एकच रेघ, सरळ केली तर पांच किलोमीटरांहून लांब भरणारी. कारखान्यांत छापलेल्या तबकडींत या रेघेवर सूक्ष्म खळगे उमटविलेले असतात, आणि लेसरचा किरण त्यांवरून फिरत तो मजकूर वाचतो. घरीं आपण लिहितों त्या सीडींत खळगे नसतात. तेथें एका सेंद्रिय रंगाचा पातळ लेप असतो, व लेसरच्या उष्णतेनें त्यावर ठिकठिकाणीं डाग पडतात. तेंच आपलें लिखाण. रंग तो रंगच. उन्हांत टाकलेल्या लुगड्याचा उडतो, तसा हाहि उडतो. फरक इतकाच कीं लुगड्याचा रंग उडालेला डोळ्यांस दिसतो. एम-डिस्कवाल्यांनीं हा रंग काढून टाकून त्या जागीं निरिंद्रिय द्रव्याचा थर घातला, आणि बहुतेक ब्लू-रे तबकड्यांतहि तसाच निरिंद्रिय थर असतो. म्हणून त्या रंगाच्या तबकड्यांपेक्षां अधिक भरंवशाच्या मानल्या जातात, आणि तें सयुक्तिकच आहे. जातां जातां एक गोष्ट सांगून ठेवतों. सीडीचा मजकूर चकचकीत बाजूस असतो अशी समजूत आहे, आणि लोक त्या बाजूस फार जपतात. वस्तुतः तो नांव लिहिण्याच्या बाजूस, व्हार्निशच्या पातळ थराखालीं असतो. व तेथेंच आपण टोकदार बॉलपेननें ‘चि. सौ. कां. अमुक हिचा विवाह’ असें दाबून लिहितों.

अशी ही चकती शंभर वर्षें, दोनशें वर्षें, हजार वर्षें टिकेल, हें ज्ञान कोणास कसें झालें? शंभर वर्षें ठेवून ती कोणीं पाहिलेली नाहीं. सीडीचा जन्म होऊनच अद्याप अर्धें शतक झालेलें नाहीं. शास्त्रज्ञ असें करतात कीं, ८० अंश उष्णतेच्या व शेंकडा ८५ आर्द्रतेच्या पेटींत तबकड्या कांहीं आठवडे कोंडून ठेवतात, त्यांत किती चुका वाढल्या तें मोजतात, आणि आरेनियस या स्वीडिश रसायनज्ञाच्या नियमानें, उष्णता कमी केली तर तितकाच ऱ्हास होण्यास किती काळ लागेल याचें गणित मांडतात. आमच्या नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर हें अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे. आणि अनुमानाची सारी शक्ति व्याप्तींत असते. येथील व्याप्ति अशी कीं, पेटींत जें कारण तबकडीस मारतें तेंच कारण आमच्या कपाटांतहि, परंतु सावकाश, मारील. पण आमच्या कपाटांत दुसरींच कारणें असलीं तर? कोंकणांतल्या पावसाळ्याची ओल, मुलांचे हात, हौसेनें चिकटविलेल्या लेबलाचा डिंक, यांचा हिशेब त्या गणितांत कोठें आहे? मध्य अमेरिकेंतील बेलीझ देशांतून आलेल्या एका सीडीचा थर बुरशीनें खाल्ल्याचें स्पेनमधील शास्त्रज्ञांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलें होतें. अनुमान खोटें असें आम्ही म्हणत नाहीं. अनुमानावर तर जग चालतें. परंतु जाहिरातींत तें शब्दप्रमाणाचा वेष घेऊन येतें, आणि गिऱ्हाईक त्याला प्रत्यक्ष समजून घरीं नेतें. घरच्या तबकडीविषयीं प्रत्यक्ष प्रमाण एकच आहे: ती यंत्रांत घालून वाचून पाहणें.

आणि येथेंच तबकडीचा स्वभाव आडवा येतो. रीड व सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनीं १९६० सालीं मांडलेल्या पद्धतीवर आधारलेली, चुका सुधारण्याची एक योजना तिच्यांत असते. मजकुराबरोबर जादा अंक लिहिलेले असतात आणि मजकूर इतस्ततः विखरून ठेवलेला असतो; त्यामुळें रेघेचा सुमारें अडीच मिलिमीटर भाग अजिबात नाहींसा झाला तरी सीडीचें यंत्र गेलेली अक्षरें पुन्हां भरून काढतें. आमच्या वैदिकांस ही कल्पना नवी वाटूं नये. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ यांत तेच शब्द पुढून, मागून, उलटसुलट गुंफून म्हणावयाचे, म्हणजे एक शब्द घसरला तर दुसरा त्याला पकडतो. पण एक भेद आहे, व तो लहान नाहीं. घनपाठांतली चूक गुरुजींच्या कानांवर येते, ते शिष्यास थांबवितात, तो पुन्हां म्हणतो; चूक सर्वांसमक्ष होते आणि सर्वांसमक्ष दुरुस्त होते. तबकडीची चूक यंत्र मुकाट्यानें दुरुस्त करतें, आणि मालकास कांहींच कळूं देत नाहीं. कागद पिवळा पडून सांगतो, वाळवी लागली तर कपाटाखालीं माती दिसते, ताडपत्राच्या कडा झडूं लागतात. तबकडी मात्र कर्जबाजारी झालेल्या अब्रूदार घराण्यासारखी वागते. पाहुण्यांच्या जेवणावळी चालूच, ओटीवर गालिचा अंथरलेलाच, आणि एके दिवशीं दारावर जप्ती. यंत्राकडून सुधारलेल्या चुकांची मोजदाद काढून घेण्याची सोय आहे. पण ती करणारीं घरें किती?

आतां असें समजूं कीं, तबकडी खरोखरच अभंग राहिली. तेवढ्यानें काम झालें काय? इंग्लंडांत १०८६ सालीं विल्यम राजानें आपल्या राज्याची पाहणी करवून ती चामड्याच्या पानांवर लिहविली. तिला ‘डूम्सडे बुक’ म्हणतात. तिला नऊशें वर्षें झालीं म्हणून १९८६ सालीं बी. बी. सी. नें नवें डूम्सडे सिद्ध केलें. शाळाशाळांतील मुलांसह दहा लाखांवर लोकांनीं त्याच्या कामास हात लावला, गांवोगांवच्या हकीकती व चित्रें जमलीं, आणि तें सर्व दोन मोठ्या लेसर-तबकड्यांवर सांठविण्यांत आलें. त्या तबकड्या ज्या विशिष्ट यंत्रावर व संगणकावर चालत, तीं यंत्रें लवकरच मागें पडलीं. सोळा वर्षांनीं, २००२ सालीं, लीड्स व मिशिगन येथील विद्यापीठांच्या मंडळींस नव्या संगणकाकडून जुन्याचें सोंग आणवून तो मजकूर सोडवून घ्यावा लागला. विल्यम राजाची वही लंडनांतील क्यू येथें आहे, आणि लॅटिन जाणणारास ती आजहि वाचतां येते.

यावरून चामडें श्रेष्ठ व तबकडी कनिष्ठ असा निष्कर्ष कोणी काढतील, तर तो आम्हांस उथळ वाटतो. ती वही उरली ती चामड्यामुळें जितकी, तितकीच लॅटिन शिकविणाऱ्या शाळांमुळें. याची साक्ष आमच्या पुण्यांतच आहे. पेशवे दप्तरांत मोडी लिपींतले कागद कोट्यवधि आहेत. कागद उत्तम, शाई उत्तम. उणीव आहे ती वाचणाऱ्या डोळ्यांची. शाळांतून मोडी गेली, आणि ज्या अक्षरांत आमचे पणजोबा घरीं निरोप लिहीत तीं अक्षरें त्यांच्या पणतवंडांस चिनी अक्षरांइतकीं परकीं झालीं. कित्येक घरांत रुमालांत बांधलेलें दप्तर देवघराच्या फळीवर असतें, सणावारीं त्याला हळदकुंकू वाहतात, आणि त्यांत जमिनीची सनद आहे कीं किराण्याची यादी आहे हें घरांतल्या एकासहि ठाऊक नसतें. महानुभावांनीं तर आपले ग्रंथ बुद्धिपुरस्सर सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. त्या लिप्यांची किल्ली पंथाबाहेरील अभ्यासकांच्या हातीं विसाव्या शतकाच्या आरंभीं आली, तेव्हां कोठें ‘लीळाचरित्रा’ची वाट सामान्य मराठी वाचकास मोकळी झाली. किल्ली सांभाळणारा पंथ होता म्हणून हें घडलें. आपल्या तबकडीस पासवर्ड घालून तो कोणासहि न सांगतां वारलेल्या गृहस्थाचा पंथ कोठला?

तबकडीची मोडी होण्यास आरंभ झालेलाच आहे. उत्तम सीडी काढणारी म्हणून नांवाजलेली जपानची तायो युदेन कंपनी २०१५ सालीं या धंद्यांतून बाहेर पडली. घरीं लिहावयाच्या ब्लू-रे तबकड्या काढणें पॅनासॉनिकनें २०२३ सालीं थांबविलें, व सोनीनें २०२५ सालीं. नव्या लॅपटॉपांत तबकडी घालण्याची सोय बहुधा नसतेच. हजार वर्षांच्या तबकडीस वाचणारें यंत्र जर तीस वर्षांनीं मिळेनासें झालें, तर उरलेलीं नऊशें सत्तर वर्षें ती आरशाचें काम करील.

मराठींत ‘वाचणें’ म्हणजे जिवंत राहणें, आणि ‘वाचणें’ म्हणजे लिहिलेलें उच्चारणें. वैयाकरण सांगतील कीं हीं क्रियापदें दोन आहेत, केवळ उच्चार जुळला आहे. तें आम्हांस मान्य आहे. तरी ज्या भाषेंत हा योग जुळून आला ती बोलणारांस तो विसरण्याचें कारण नाहीं. आमच्या शास्त्रकारांनीं मनुष्याच्या माथीं तीन ऋणें सांगितलीं: देवऋण यज्ञानें फेडावें, पितृऋण संततीनें, आणि ऋषिऋण अध्ययनानें. ऋषींचे ग्रंथ पेटींत सुरक्षित ठेवल्यानें तें ऋण फिटतें, असें कोणीं म्हटलेलें नाहीं. जुन्या पोथ्यांच्या शेवटीं लेखनिक वाचकास विनवीत असे कीं तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून हिला राखा व मूर्खाच्या हातीं देऊं नका. ही विनवणी माणसास होती, कागदास नव्हती. नाथांनीं १५८४ सालीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण तीनशें वर्षांच्या नकलांत अपपाठ शिरले होते. संगणकाची नक्कल मुळाबरहुकूम निघते, त्यामुळें नाथांचें तें काम तेथें उरत नाहीं, हा लाभ थोडा नव्हे. पण नक्कल करणारा लेखनिक निदान तो ग्रंथ वाचीत असे. संगणक दहा हजार चित्रांची नक्कल करतो, आणि त्या वेळांत आपण चहा पितों.

आतां तबकडीच्या बाजूनें कबूल केलेले चार शब्द. ज्याला ‘क्लाउड’ म्हणतात तें वस्तुतः भाड्याचें बिऱ्हाड आहे. भाडें भरणारा वारला, हप्ता थकला, कीं आंतलें सामान कोठें जाईल हें मालकाच्या मर्जीवर. तबकडी आपल्या घरची असते. एकदां लिहिलेली तबकडी पुन्हां खोडतां येत नाहीं, परदेशांत बसलेला चोर तिच्यापर्यंत पोहोंचूं शकत नाहीं, आणि ती उघडण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. शिवाय तिला सीमा आहे. साध्या ब्लू-रे तबकडीवर २५ गिगाबाइट मावतात, त्यापुढें नाहीं. म्हणजे काय ठेवावें याचा निवाडा करावाच लागतो. म्हणून ज्यांस तबकडी ठेवावयाची आहे त्यांनीं ती अवश्य ठेवावी. दोन प्रती दोन घरीं ठेवाव्या, तिसरी हार्ड डिस्कवर असूं द्यावी, आंत काय आहे याची यादी कागदावर करून जोडावी, आणि दसऱ्यास आपण पाटीपुस्तकांची पूजा करतों त्या दिवशीं मुलांबाळांसह एक तरी तबकडी लावून पाहावी. दहाएक वर्षांनीं सगळें नव्या साधनावर उतरवावें. हें नीरस काम आहे. घर झाडणेंहि नीरसच असतें.

राहिला निवाड्याचा प्रश्न, आणि खरी अडचण तेथें आहे. काय ठेवावें हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा? इतिहासाचार्य राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं काढला, व पुढें गांवोगांव हिंडून कागद जमविले. ज्या घरांत ते कागद होते त्यांतील कित्येकांस ती रद्दी वाटत होती. घरखर्चाच्या वह्या, देण्याघेण्याच्या चिठ्ठ्या, सोयरिकीचीं बोलणीं, हेंच पुढें इतिहासाचें अन्न झालें. तेव्हां निवड करणारा आपल्या काळाचीच आवड निवडतो, हा आक्षेप खरा आहे. उलट सर्वच ठेवलें तर वाचणार कोण, आणि न वाचलेल्याचें ऋण फेडणार कोण, हाहि आक्षेप खराच आहे. शिवाय मृत मनुष्यासहि कांहीं गोष्टी आपल्याबरोबर नेण्याचा हक्क असावा, असें आम्हांस वाटतें. या तिन्ही गोष्टी एकाच तबकडीवर भेटतात.

आमच्या ओळखीच्या एका घरीं कर्ता पुरुष वारला. तो टापटिपीचा, क्रमांक घातलेल्या तबकड्यांची एक पेटी मागें ठेवून गेला. मुलीनें दिवाळीच्या सुटींत एकेक लावून पाहिली. कांहीं उघडल्या, कांहीं नाहीं. एकीवर आजी दिव्याच्या अवसेची कहाणी सांगत होती. मध्येंच तिला ठसका लागतो व ती पाणी मागते. मुलगी आम्हांस म्हणाली, “कहाणी पुस्तकांतहि आहे, ठसका एवढ्या ठिकाणींच आहे.” दुसऱ्या एकीवर वडिलांनीं आपली व धाकट्या भावाची गांवच्या शेतावरून झालेली सारी पत्रापत्री चित्रें काढून ठेवली होती. भाषा कडू, दोहींकडूनहि. आईचें म्हणणें पडलें, “माणूस गेलं कीं त्याचं भांडणहि जाऊं द्यावं. कात्री आण.” मुलीचें म्हणणें असें कीं, बाबांनीं क्रमांक घालून ठेवलें तें फेकण्यासाठीं नव्हे, आणि शेताचा इतिहास त्या पत्रांशिवाय दुसरीकडे कोठेंहि नाहीं. दोघींनीं आम्हांस मध्यस्थ केलें.

अशा प्रसंगीं हार्ड डिस्क असती तर कोणी तरी रात्रीं एक कळ दाबून प्रश्न मिटविला असता, आणि मिटविला हेंहि कोणास कळलें नसतें. तबकडी खोडतां येत नाहीं. ती कापावी लागते, आणि कापण्यास हात व निश्चय लागतो. हा तिचा गुण आम्हीं कोणत्याहि जाहिरातींत वाचलेला नाहीं. आम्हांस आईची बाजू हलकी वाटली नाहीं. मृताची निंदा नको म्हणून नव्हे, तर जें भांडण ज्यांचें होतें त्यांच्याबरोबर तें संपावें या इच्छेंत एक औदार्य आहे. मुलीच्या बाजूस राजवाडे उभे होते. पण पत्र ही एकाची मालमत्ता नव्हे. लिहिणारा एक व ज्यास लिहिलें तो दुसरा, असे तिचे दोन धनी. त्यांतील एक गेला असला तरी दुसरा गांवीं हयात होता, आणि त्याला विचारावें हें त्या घरांत कोणाच्याहि मनांत आलें नव्हतें. तेवढें आम्हीं सुचविलें. आई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत; मग म्हणाल्या, “विचारा.”

काकांनीं चार दिवसांनीं निरोप पाठविला कीं, कापूं नका, आधीं मला वाचूं द्या. दादांनीं माझीं पत्रें ठेवलीं होतीं हें मला माहीत नव्हतें. त्यांच्या गांवीं तबकडी लावण्याचें यंत्र कोणाकडेच नव्हतें. मुलीनें तीं पत्रें कागदावर छापलीं, जाड पाकिटांत घातलीं व टपालानें पाठविलीं. तबकडी तूर्त कपाटांत आहे, आणि कात्री शिवणाच्या डब्यांत.